खुली समन्वय पद्धती

खुली समन्वय पद्धती ही युरोपियन संघाच्या सदस्य राष्ट्रांनी कायद्याची सक्ती न स्वीकारता आपापली धोरणे परस्परांशी जुळवून घेण्याची कार्यपद्धती होय. रोजगार, निवृत्तिवेतन, दारिद्र्यनिर्मूलन, शिक्षण, संशोधन अशा ज्या विषयांत संघाला कायदे करण्याचा अधिकार नाही किंवा अत्यल्प आहे, त्या विषयांत ती प्रामुख्याने वापरली जाते. उद्दिष्टे सर्वांनी मिळून ठरवायची, ती गाठण्याचा मार्ग ज्या-त्या राष्ट्राने निवडायचा, प्रगती समान निर्देशकांनी मोजायची आणि मोजमापाचे निष्कर्ष सर्वांसमोर ठेवायचे, असा या पद्धतीचा क्रम आहे. उद्दिष्ट न गाठणाऱ्या राष्ट्राला दंड होत नाही आणि त्याच्याविरुद्ध न्यायालयात दादही मागता येत नाही. मार्च २००० मध्ये लिस्बन येथे भरलेल्या युरोपियन परिषदेत या पद्धतीला हे नाव मिळाले.

बंधनकारक नसलेल्या, तरीही व्यवहारात परिणाम घडवणाऱ्या अशा नियमांना विधिशास्त्रात मृदू कायदा किंवा सॉफ्ट लॉ म्हणतात. युरोपियन संघाच्या संदर्भात ही संकल्पना रुजवण्यात कायदेपंडित फ्रान्सिस स्नायडर यांच्या १९९० च्या दशकातील लेखनाचा मोठा वाटा आहे. बंधन नसताना सार्वभौम राष्ट्रे असे नियम का पाळतात, हा या विषयातील जुना प्रश्न आहे. २०२१ नंतर त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. शिफारशींच्या मागे शेकडो अब्ज युरोंचा निधी उभा केल्यानंतर त्यांना ऐच्छिक म्हणता येईल काय, आणि म्हणता येत नसेल तर त्यांचा जाब कोणी कोणाला विचारायचा?

कायदेशीर स्थान

युरोपियन संघाच्या कार्यप्रणालीविषयक कराराच्या कलम २८८ मध्ये संघाच्या कृतींचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी विनियम, निर्देश आणि निर्णय हे बंधनकारक असतात. शिफारशी आणि मते बंधनकारक नसतात. करारातील हा भेद स्पष्ट असला तरी न्यायालयांसमोर तो तितकासा स्पष्ट राहिलेला नाही.

१९८९ मधील ग्रिमाल्दी खटला या बाबतीत नेहमी उद्धृत केला जातो. बेल्जियममध्ये अनेक वर्षे काम केलेल्या एका इटालियन कामगाराच्या हाताला जडलेला विकार व्यवसायजन्य रोग मानावा की नाही, असा मूळ वाद होता. हा विकार बेल्जियमच्या अधिकृत यादीत बसत नव्हता. आयोगाने १९६२ मध्ये अशा रोगांच्या समान यादीची शिफारस केली होती आणि कामगाराने तिचा आधार घेतला. शिफारशीतून व्यक्तीला हक्क मिळत नाहीत, परंतु राष्ट्रीय न्यायालयांनी निवाडा करताना ती विचारात घेतलीच पाहिजे, असा निर्णय युरोपियन न्यायालयाने दिला. ज्या दस्तऐवजाचे पालन सक्तीचे नाही त्याचा विचार करणे मात्र सक्तीचे, अशी ही मधली अवस्था आहे.

या अवस्थेची दुसरी बाजू २०१८ मध्ये पुढे आली. ऑनलाइन जुगारासंबंधी आयोगाने जुलै २०१४ मध्ये काढलेली शिफारस रद्द करावी, अशी मागणी बेल्जियमने केली होती. शिफारशीचे नाव देऊन आयोग आपल्या अधिकारकक्षेबाहेरच्या विषयात समान नियम लादू पाहत आहे, असा बेल्जियमचा आक्षेप होता. शिफारस बंधनकारक नसल्यामुळे ती रद्द करण्याचा दावा चालू शकत नाही, असे सांगून न्यायालयाने तो फेटाळला. या प्रकरणातील महाधिवक्ता मिखाल बोबेक यांचे मत निराळे होते. शिफारशींचे प्रत्यक्ष परिणाम होत असतील, तर त्यांची न्यायालयीन छाननीही व्हावयास हवी, असे त्यांनी सुचवले होते. न्यायालयाने ते मानले नाही आणि त्यामुळे निर्माण झालेली पोकळी आजही कायम आहे. कोणताही निर्णय बंधनकारक असेल तर त्याला आव्हान देता येते. तो मृदू असेल तर त्याचा परिणाम सोसावा लागला तरी आव्हान देता येत नाही.

पार्श्वभूमी

१९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने सामाईक चलनाचा मार्ग मोकळा केला; परंतु करआकारणी, वेतन, निवृत्तिवेतन आणि कल्याणकारी खर्च हे विषय राष्ट्रांकडेच राहिले. चलन एक आणि अंदाजपत्रके अनेक, अशी स्थिती होणार असल्याने आर्थिक धोरणांच्या स्थूल मार्गदर्शक तत्त्वांची तरतूद त्याच करारात करण्यात आली. तत्त्वांपासून ढळणाऱ्या राष्ट्राला मंत्रिपरिषदेने शिफारस करावी, हवी तर ती प्रसिद्ध करावी, एवढाच त्यातील धाक होता.

रोजगाराच्या क्षेत्रात या पद्धतीचा पाया १९९७ मध्ये घातला गेला. बेरोजगारीचे प्रमाण त्या काळात १० टक्क्यांच्या आसपास होते आणि चलनसंघाच्या निकषांपायी नोकऱ्यांकडे दुर्लक्ष होत असल्याची भावना पसरली होती. ॲम्स्टरडॅम करारात रोजगारावर स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले. करार अमलात येण्याची वाट न पाहता त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये लक्झेंबर्ग येथे झालेल्या विशेष परिषदेने वार्षिक चक्र सुरू केले. मार्गदर्शक तत्त्वे, राष्ट्रीय कृती आराखडे, परस्पर परीक्षण आणि शिफारशी असे त्याचे टप्पे होते. लिस्बनमध्ये पुढे जे घडले ते मुख्यतः या चक्राचे नामकरण आणि विस्तार होय.

लिस्बन व्यूहनीती

२३ आणि २४ मार्च २००० रोजी भरलेल्या लिस्बन परिषदेचे यजमानपद पोर्तुगालचे तत्कालीन पंतप्रधान अँतोनियो गुतेरेस यांच्याकडे होते. पद्धतीच्या आखणीचे श्रेय सामान्यतः त्यांच्या सल्लागार, अर्थतज्ज्ञ मारिया जोआओ रोद्रिगेस यांना दिले जाते. २०१० पर्यंत युरोप ही जगातील सर्वाधिक स्पर्धाक्षम ज्ञानाधारित अर्थव्यवस्था व्हावी, असे ध्येय परिषदेने ठेवले. एकूण रोजगाराचे प्रमाण ७० टक्के आणि स्त्रियांच्या रोजगाराचे ६० टक्क्यांहून अधिक असावे, असे आकडेही ठरले. २००२ च्या बार्सेलोना परिषदेने त्यांत संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्के खर्चाचे आणि बालसंगोपन सुविधांचे उद्दिष्ट जोडले.

दशक संपले तेव्हा रोजगाराचे प्रमाण सुमारे ६४ टक्के आणि संशोधनावरील खर्च सुमारे २ टक्के होता. २००८ च्या आर्थिक संकटाचा या आकड्यांवर परिणाम झाला, हे खरे आहे. पण संकटापूर्वीच व्यूहनीती अडखळली होती. नेदरलँड्सचे माजी पंतप्रधान विम कोक यांच्या अध्यक्षतेखालील गटाने नोव्हेंबर २००४ मध्ये दिलेल्या अहवालात राष्ट्रांच्या राजकीय इच्छाशक्तीच्या अभावावर नेमके बोट ठेवले होते. मागे पडणाऱ्यांची नावे उघडपणे जाहीर करावीत आणि पुढे असणाऱ्यांचे कौतुक व्हावे, असेही त्यात सुचवले होते. २००५ मध्ये व्यूहनीतीची फेरमांडणी करताना ही सूचना बाजूला ठेवण्यात आली. ज्या पद्धतीचे एकमेव हत्यार लोकलज्जा होते, ते चालवण्याची तयारी तिच्याच कर्त्यांपाशी नव्हती.

आयर्लंडचा प्रसंग

लोकलज्जेचा प्रयोग एकदा गाजावाजाने झाला होता आणि त्याचा अनुभव फारसा उत्साहवर्धक नव्हता. आयर्लंडची अर्थव्यवस्था २००० च्या सुमारास झपाट्याने वाढत होती. अंदाजपत्रक शिलकीत होते, मात्र भाववाढ ५ टक्क्यांच्या वर गेली होती. अशा वेळी अर्थमंत्री चार्ली मॅक्क्रीव्ही यांनी करकपात आणि वाढीव खर्चाचे अंदाजपत्रक मांडले. हे धोरण मार्गदर्शक तत्त्वांशी विसंगत असल्याचा ठपका ठेवून मंत्रिपरिषदेने फेब्रुवारी २००१ मध्ये आयर्लंडला औपचारिक शिफारस केली. अशी शिफारस मिळालेले ते पहिले राष्ट्र ठरले.

मॅक्क्रीव्ही यांनी अंदाजपत्रक बदलले नाही. उलट, ब्रुसेल्सपुढे न नमणारा मंत्री म्हणून देशात त्यांचे वजन वाढले. त्याच वर्षी जूनमध्ये आयरिश मतदारांनी नीस करार सार्वमतात फेटाळला. या दोन घटनांचा संबंध काही निरीक्षकांनी जोडला असला तरी तो सिद्ध करणे अवघड आहे. तुटीचे अंदाजपत्रक असलेल्या जर्मनीला पूर्वसूचना देण्याचा आयोगाचा प्रस्ताव मात्र पुढच्याच वर्षी मंत्रिपरिषदेने स्वीकारला नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये तर फ्रान्स आणि जर्मनी यांच्यावरील तुटीसंबंधीची कारवाईच रोखून धरण्यात आली. ही कारवाई मृदू कायद्याखालची नव्हती. तिच्या शेवटी दंडाची तरतूद होती. त्यामुळे मृदू आणि कठोर या भेदाइतकेच महत्त्व राष्ट्राच्या आकारालाही आहे, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

निर्देशकांचे राजकारण

मृदू कायद्याचा सर्वांत टिकाऊ परिणाम मोजमापावर झाला. डिसेंबर २००१ मध्ये लाकेन येथील परिषदेत दारिद्र्य आणि सामाजिक वंचितता मोजण्यासाठी १८ समान निर्देशकांना मान्यता मिळाली. त्यांतील प्रमुख निर्देशकानुसार, देशातील मध्यक उत्पन्नाच्या ६० टक्क्यांहून कमी उत्पन्न असलेली व्यक्ती दारिद्र्याच्या धोक्यात गणली जाते. हे मोजमाप सापेक्ष आहे. अन्नाच्या किमान गरजेवरून आखलेल्या दारिद्र्यरेषेची सवय असलेल्या भारतीय वाचकाला ते वेगळे वाटेल. श्रीमंत देशातही या व्याख्येने गरीब ठरणारे लोक मोठ्या संख्येने सापडतात आणि देशाचे सरासरी उत्पन्न वाढले म्हणून ते आपोआप कमी होत नाहीत. संघाने ही व्याख्या कोणावर लादली नव्हती, तरीही काही वर्षांतच ती राष्ट्रीय सांख्यिकी, वृत्तपत्रे आणि संसदीय चर्चा यांत रूढ झाली. दारिद्र्याविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांना आपल्याच सरकारला प्रश्न विचारण्याचे साधन तिच्यामुळे मिळाले.

याउलट, उद्दिष्टांचे आकडे ठरवताना पळवाटाही ठेवल्या गेल्या. ‘युरोप २०२०’ या व्यूहनीतीने दशकाअखेर किमान दोन कोटी लोकांना दारिद्र्य व वंचिततेच्या धोक्यातून बाहेर काढण्याचे ठरवले. राष्ट्रीय उद्दिष्ट कोणत्या निर्देशकावर आधारायचे, याचे स्वातंत्र्य मात्र प्रत्येक राष्ट्राला दिले. जर्मनीने दीर्घकालीन बेरोजगारांची संख्या घटवण्याचे उद्दिष्ट घेतले. बेरोजगारी आणि दारिद्र्य यांचा संबंध निर्विवाद असला तरी अल्प वेतनावर राबणारा गरीब या मोजमापात दिसत नाही. सर्व राष्ट्रीय उद्दिष्टांची बेरीजही दोन कोटींपर्यंत पोहोचत नव्हती. दशकाच्या पूर्वार्धात काटकसरीच्या धोरणांमुळे वंचितांची संख्या घटण्याऐवजी वाढली आणि मूळ उद्दिष्ट हुकले. शाळागळतीचे प्रमाण १० टक्क्यांखाली आणण्याचे आणि उच्चशिक्षितांचे प्रमाण ४० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट त्याच दशकात साध्य झाले, हेही नोंदवले पाहिजे.

बालसंगोपनाचे उदाहरण याहून बोलके आहे. तीन वर्षांखालील ३३ टक्के मुलांसाठी आणि तीन वर्षांपासून शालेय वयापर्यंतच्या ९० टक्के मुलांसाठी २०१० पर्यंत सुविधा निर्माण करण्याचे बार्सेलोना येथे ठरले होते. पश्चिम जर्मनीत लहान मुलांना पाळणाघरात ठेवण्याविषयी समाजात नाराजी होती आणि सुविधाही तुटपुंज्या होत्या. २००५ ते २००९ या काळात कुटुंबविषयक मंत्री असलेल्या उर्सुला फॉन डेअर लायन यांनी स्वपक्षातील विरोध पत्करून विस्ताराचा कायदा आणला. त्यानुसार ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला अशा सुविधेचा हक्क मिळाला. हे केवळ बार्सेलोनातील आकड्यामुळे घडले, असे म्हणता येणार नाही. घटता जन्मदर आणि मनुष्यबळाची टंचाई ही कारणे अधिक वजनदार होती. युरोपातील आपले स्थान दाखवणारा तक्ता मात्र सुधारणेच्या समर्थकांना घरच्या वादात उपयोगी पडला. देशातील कोणीतरी उचलून धरल्याशिवाय मृदू कायदा चालत नाही, हे निरीक्षण अनेक अभ्यासकांनी वेगवेगळ्या देशांविषयी नोंदवले आहे.

बोलोन्या प्रक्रिया

ऐच्छिक समन्वयाचे सर्वांत दूरगामी फळ संघाच्या चौकटीबाहेर आले. जून १९९९ मध्ये बोलोन्या येथे २९ युरोपीय देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी उच्चशिक्षणाच्या समान रचनेसाठी घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. हा आंतरराष्ट्रीय करार नव्हता. तरीही जर्मनी आणि ऑस्ट्रियासारख्या देशांनी आपल्या जुन्या दीर्घ पदव्या मोडून पदवी आणि पदव्युत्तर अशी विभागणी स्वीकारली. महाराष्ट्रातून जर्मनीत शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला आज जे ‘मास्टर’ अभ्यासक्रम आणि श्रेयांक दिसतात, ते याच बदलाचे फलित आहे. हा बदल सर्वांना रुचला नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाचे मुख्य सभागृह विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतले आणि आंदोलन जर्मनीत पसरले. आपल्या संसदेने ज्यावर नीट चर्चाही केली नाही असा बदल मंत्र्यांनी परदेशी बैठकीत मान्य करून आणला, अशीही टीका झाली.

सेमिस्टरपासून पुनरुत्थान निधीपर्यंत

युरो चलनाच्या संकटानंतर २०११ पासून समन्वयाची सगळी चक्रे ‘युरोपियन सेमिस्टर’ या एका वार्षिक वेळापत्रकात गुंफली गेली. राष्ट्रे वसंत ऋतूत आपले कार्यक्रम सादर करतात. आयोग प्रत्येक राष्ट्रासाठी स्वतंत्र शिफारशी सुचवतो आणि मंत्रिपरिषद त्या उन्हाळ्यात मंजूर करते. निवृत्तीचे वय, न्यायालयांचा विलंब, भाडेनियंत्रण, वेतनवाढीचे सूत्र अशा अगदी घरगुती विषयांपर्यंत या शिफारशी पोहोचल्या. त्यांची पूर्ण अंमलबजावणी क्वचितच होत असे आणि त्याच त्या शिफारशी वर्षानुवर्षे पुन्हा छापल्या जात.

कोविड-१९ च्या साथीनंतर हे चित्र पालटले. फेब्रुवारी २०२१ मध्ये स्थापन झालेल्या पुनरुत्थान व लवचिकता सुविधेतून सदस्य राष्ट्रांना अनुदाने व कर्जे मिळून कमाल ७२३.८ अब्ज युरो उपलब्ध करण्यात आले. निधी हवा असल्यास राष्ट्राने सुधारणा व गुंतवणुकीची योजना सादर करायची होती, आणि त्या योजनेत सेमिस्टरमधील शिफारशींची सर्वांशी किंवा बहुतांशी दखल घेणे विनियमानेच आवश्यक केले होते. हप्ते ठरलेले टप्पे पूर्ण केल्यावरच मिळतात. शिफारस अजूनही शिफारसच होती. फक्त ती न मानण्याची किंमत आता युरोमध्ये मोजता येऊ लागली.

स्पेनमधील श्रमकायद्याची सुधारणा हे याचे ठळक उदाहरण आहे. तेथील सुमारे एकचतुर्थांश नोकरदार तात्पुरत्या करारांवर काम करत होते आणि हे प्रमाण घटवावे, अशी शिफारस स्पेनला कित्येक वर्षे केली जात होती. पुनरुत्थान योजनेत ही सुधारणा २०२१ अखेरचा टप्पा म्हणून नमूद झाली. श्रममंत्री योलांदा दियास यांनी कामगार संघटना आणि मालक संघटना यांच्याशी वाटाघाटी करून तडजोड घडवली आणि मुदत संपता-संपता, २८ डिसेंबर रोजी वटहुकूम निघाला. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात तो १७५ विरुद्ध १७४ मतांनी संमत झाला. विरोधी पक्षाच्या एका सदस्याने दूरस्थ मतदान करताना चुकून बाजूने मत दिले नसते, तर तो फेटाळला गेला असता. पुढील दोन वर्षांत तात्पुरत्या करारांचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांपर्यंत खाली आले. हंगामी पण कायम समजल्या जाणाऱ्या करारांत वाढ झाल्यामुळे ही घट अंशतः कागदोपत्री आहे, असा आक्षेप टीकाकार घेतात. सुधारणा चांगली की वाईट, हा वाद स्पॅनिश समाजाने करायचा आहे. परंतु तिचे वेळापत्रक निधीच्या हप्त्याने ठरवले, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

पोलंडच्या बाबतीत हाच दबाव न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्यासाठी वापरला गेला. जून २०२२ मध्ये योजना मंजूर होऊनही न्यायाधीशांवरील शिस्तभंगाच्या व्यवस्थेसंबंधीचे टप्पे पूर्ण न झाल्याने नियमित हप्ते अडले. डिसेंबर २०२३ मधील सत्तांतरानंतर, २०२४ मध्ये पहिला हप्ता मिळाला. येथे निधीच्या अटीने जे साधू पाहिले, ते शिफारशींना साधले नव्हते. मात्र ही योजनाही सर्व शिफारशी पुरेशा गांभीर्याने घेते असे नाही. युरोपियन लेखापरीक्षक न्यायालयाने २०२२ च्या अहवालात, राष्ट्रीय योजनांतून काही महत्त्वाच्या शिफारशींचे भाग सुटून गेल्याचे दाखवून दिले.

साथ, लस आणि सीमा

मार्च २०२० मध्ये सदस्य राष्ट्रांनी एकमेकांना न विचारता सीमा बंद केल्या. सार्वजनिक आरोग्य हा राष्ट्रांचा अधिकार असल्याने आयोगाच्या हाती मार्गदर्शक सूचनांपलीकडे फारसे काही नव्हते. १३ ऑक्टोबर २०२० रोजी मंत्रिपरिषदेने प्रवासनिर्बंधांच्या समन्वयासाठी शिफारस संमत केली. तिच्या आधारे युरोपियन रोगप्रतिबंध केंद्र दर गुरुवारी प्रदेशांना हिरवा, नारिंगी, लाल वा करडा रंग देणारा नकाशा प्रसिद्ध करू लागले. नकाशा सर्वांनी वापरला. त्यातील रंगावरून विलगीकरण किती दिवसांचे, हे मात्र प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवले. अखेर जुलै २०२१ पासून डिजिटल प्रमाणपत्रासाठी बंधनकारक विनियम लागू करावा लागला.

या काळातील राष्ट्रागणिक भेदाचा थेट फटका भारतीयांना बसला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या कोव्हिशील्ड लसीला जागतिक आरोग्य संघटनेची आपत्कालीन मान्यता फेब्रुवारी २०२१ मध्येच मिळाली होती, पण युरोपियन औषध संस्थेची परवानगी नव्हती. अशा लसी स्वीकारायच्या की नाही, हे संघाने राष्ट्रांवर सोडले होते, आणि संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांविषयीचा दस्तऐवज तर शिफारशीच्याच स्वरूपाचा होता. परिणामी जुलै २०२१ च्या आरंभी ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, ग्रीस, स्पेन अशा काही देशांनी कोव्हिशील्ड मान्य केली, तर इतर काही देशांत निर्णय व्हायचा होता. अंतर्गत सीमा नसलेल्या शेंगेन क्षेत्रात शिरताना त्याच कुपीतील त्याच लसीचे मोल विमानतळागणिक बदलत होते.

वायूबचतीचा विनियम

रशिया-युक्रेन युद्धामुळे वायूपुरवठा आटू लागल्यावर ५ ऑगस्ट २०२२ रोजी संमत झालेला विनियम मृदू आणि कठोर यांच्या सरमिसळीचा नमुना आहे. विनियम स्वतः बंधनकारक. पण त्यातील मुख्य उद्दिष्ट, म्हणजे ऑगस्ट २०२२ ते मार्च २०२३ या काळात वायूचा वापर मागील पाच वर्षांच्या सरासरीच्या तुलनेत १५ टक्क्यांनी घटवणे, ऐच्छिक ठेवले होते. टंचाई तीव्र झाल्यास मंत्रिपरिषदेने इशारा जाहीर करून तेच उद्दिष्ट सक्तीचे करण्याची तरतूद होती. हंगेरीने प्रस्तावाला विरोध केला. बेटांवरील आणि इतरांच्या वायुजालाशी न जोडलेल्या राष्ट्रांना सवलती मिळाल्या.

इशारा देण्याची वेळ आली नाही. वापर सुमारे १८ टक्क्यांनी घटला. याचे श्रेय समन्वयाला किती, हे सांगणे कठीण आहे. वायूच्या गगनाला भिडलेल्या किमती आणि सौम्य हिवाळा यांनीच बरेच काम केले; खतांच्या व रसायनांच्या कारखान्यांनी उत्पादन कमी केले, तो त्याग धोरणापेक्षा नाइलाजाचा होता. तथापि समान आकड्यामुळे मी बचत करीन आणि शेजारी जाळत राहील, ही परस्परांविषयीची शंका काही अंशी दूर झाली. मार्च २०२४ मध्ये विनियमाची जागा साध्या शिफारशीने घेतली.

टीका आणि वाद

खुल्या समन्वयाच्या समर्थकांत चार्ल्स सेबल आणि जोनाथन झाइटलिन ही नावे महत्त्वाची आहेत. परिस्थिती भिन्न असलेल्या राष्ट्रांनी प्रयोग करावेत, कारणे द्यावीत आणि एकमेकांकडून शिकावे, यात त्यांना लोकशाहीचे एक नवे रूप दिसते. जर्मन राज्यशास्त्रज्ञ फ्रिट्झ शार्प्फ यांचा आक्षेप मूलगामी आहे. बाजारपेठ आणि स्पर्धा यांचे नियम कठोर कायद्यात आणि सामाजिक संरक्षण मात्र मृदू कायद्यात, अशी वाटणी झाल्याने दोहोंत संघर्ष उद्भवताच बाजारपेठेचा विजय ठरलेला असतो, असे त्यांनी दाखवून दिले. २००० नंतरचा अनुभव पाहता शार्प्फ यांचे निदान अधिक खरे ठरले, असे म्हणावे लागते.

संसदेचे स्थान हा दुसरा वाद आहे. लिस्बन करारात या पद्धतीचे नाव कोठेही नाही. तिचे वर्णन मात्र सामाजिक धोरण, आरोग्य, उद्योग आणि संशोधन यांच्या कलमांत आढळते. त्यांत युरोपियन संसदेला ‘पूर्ण माहिती’ द्यावी, एवढेच म्हटले आहे. संमती लागत नाही. राष्ट्रीय संसदांपुढे विषय येतो तेव्हा मंत्री ब्रुसेल्सकडे बोट दाखवतात आणि ब्रुसेल्समध्ये आयोग म्हणतो की निर्णय राष्ट्राचाच आहे. निवृत्तीचे वय वाढलेल्या नागरिकाने मत कोणाविरुद्ध द्यायचे, हे त्यामुळे अस्पष्ट राहते.

सामाजिक विषय पुन्हा कठोर कायद्याच्या कक्षेत आणण्याचा अलीकडचा मोठा प्रयत्न म्हणजे ऑक्टोबर २०२२ चा किमान वेतन निर्देश. वेतन ठरवणे हा विषय करारानेच संघाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे, असे म्हणत डेन्मार्कने त्याला आव्हान दिले आणि स्वीडनने पाठिंबा दिला. या दोन्ही देशांत वेतन कायद्याने नव्हे, तर कामगार आणि मालक संघटनांच्या सामूहिक करारांनी ठरते. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने निर्देशाचा बहुतांश भाग कायम ठेवला आणि किमान वेतन ठरवण्याचे निकष व आपोआप होणारी वाढ यांच्याशी संबंधित दोन तरतुदी रद्द केल्या. सामूहिक करारांची व्याप्ती ८० टक्क्यांहून कमी असलेल्या राष्ट्राने कृती आराखडा करावा, ही तरतूद टिकली. तिच्यात ८० टक्के गाठण्याची सक्ती नाही. आराखडा तयार करण्याची आहे. कठोर कायद्याच्या पोटात मृदू कायदा ठेवण्याचा हा प्रकार यापुढे अधिक दिसेल, असे मानण्यास जागा आहे.

पुनरुत्थान निधीचे टप्पे पूर्ण करण्याची मुदत ऑगस्ट २०२६ पर्यंतची होती. तथापि जुलै २०२५ मध्ये आयोगाने मांडलेल्या २०२८ ते २०३४ च्या दीर्घकालीन अंदाजपत्रकाच्या प्रस्तावात तीच रचना शेती आणि प्रादेशिक विकासाच्या निधीलाही लावण्याचे सुचवले आहे. प्रत्येक राष्ट्राची एकच भागीदारी योजना असावी आणि तिचे हप्ते सुधारणांच्या टप्प्यांशी जोडावेत, असा हा प्रस्ताव आहे. प्रदेशांच्या समितीने आणि युरोपियन संसदेतील अनेक गटांनी त्यावर आक्षेप घेतले. शेतकऱ्याचे अनुदान किंवा मागास जिल्ह्यातील रस्ता हा राजधानीतील सरकारने निवृत्तिवेतनात सुधारणा केली की नाही यावर अवलंबून राहू नये, हा त्या आक्षेपांचा गाभा आहे.